बिनलेबलाचं वाण

वीज जाणार यावर आमच्या थोरल्या भाऊजींइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या सौदीत दुसरा नसेल. लोकांचा विश्वास देवावर असतो, पगारावर असतो, भाऊजींचा अंधारावर होता. आणि हे गृहस्थ दम्मामच्या वीजघरात इंजिनिअर! एखाद्या आचाऱ्याने आपल्याच पंगतीला घरून डबा घेऊन यावं, तसला प्रकार. मी एकदा वैतागून विचारलंसुद्धा, "भाऊजी, वीज तुम्हीच बनवता, मग तुम्हालाच तिचा भरवसा कसा नाही?" तर शांतपणे म्हणाले, "शैला, मी आतून बघितलंय. तू बाहेरून बघतेस, म्हणून तुला भरवसा आहे."

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. लग्न केलेलं नाही, का केलं नाही ते विचारायची कोणाची छाती नाही. ह्यांना दम्मामच्या एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली ती भाऊजींच्याच ओळखीने, त्यामुळे लग्न होऊन मी आले ती थेट दोघा भावांच्या संसारात. माणूस तसा अगदी सज्जन. मोठ्याने बोलणं नाही, जेवणात खोट काढणं नाही, स्वतःचं ताट स्वतः विसळून ठेवणार. पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की दुसऱ्याचं ऐकतील तर शपथ. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये कुवेतवरच्या हल्ल्याची बातमी आली आणि भाऊजींनी डोक्यात डबे घेतले.

डबे म्हणजे पत्र्याचे, बंद, उघडा आणि खा. चणे, राजमा, फूल म्हणतात तो इथला वाल, मका, अननस, मटार. सुरुवातीला दोन-चार आणले, तेव्हा मी कौतुकच केलं. मग पेट्याच यायला लागल्या. पलंगाखाली डबे, सोफ्यामागे डबे, चपलांच्या कपाटात डबे. नोव्हेंबरअखेर मला सातवा सरत आलेला, वाकता येत नाही, आणि घरात पाऊल टाकावं तिथे पायाला डबा. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दापोलीकडचे इब्राहिमभाई होते. ते मला बघून हात जोडायचे, "ओ ताई, तुमच्या भाऊजींना आवरा आता. गोदाम खलास केलंनी माझं! बाकीच्या गिऱ्हाइकांस काय देऊ, पिशव्या?"

मी म्हटलं, "भाऊजी, आपली शेगडी गॅसची आहे. वीज गेली म्हणून वरणभात थोडाच अडणार आहे?" म्हणाले, "आणि पाणी? पंप कशावर चालतो?" झालं, दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला टब पाण्याने भरून त्यावर फळी ठेवली, आणि फळीवर पुन्हा डबेच. ह्यांनी एकदा धीर करून सुचवलं, "दादा, सौदीत वीज गेलीच तर उन्हाळ्यात जाईल ना, एसी चालतात तेव्हा?" त्यावर भाऊजी म्हणाले, "उन्हाळ्यात गेली तर दुरुस्त करायला माणसं असतात. या हिवाळ्यात माणसं नसतील."

एवढ्यावर थांबले असते तर ते भाऊजी कसले? कोणीतरी त्यांना सांगितलं की डब्यांच्या कागदाखाली झुरळं अंडी घालतात. लगेच एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सगळे डबे टबात बुडवले आणि दिवसभर बसून एकूण एक लेबल खरवडून काढलं. संध्याकाळी घरात सगळीकडे चकचकीत पत्रा, सारखा, मुका. मी विचारलं, "आता कशात काय आहे ते कळणार कसं?" भाऊजींनी एक डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि डोळे मिटून म्हणाले, "राजमा." दुसरा हलवला, "चणे. ऐक, चणे जरा मोकळे वाजतात." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग दर शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम. पडदे ओढायचे, मेन स्विच बंद करायचा, आणि वीज गेलीय असं समजून तिघांनी टॉर्चच्या उजेडात जमिनीवर बसून थंड डबा खायचा. गरम करायचं नाही. स्वेटर घालायचा. ओट्यावर माझी आमटी वाफाळत असायची आणि मी सतरंजीवर बसून गारढोण वाल चमच्याने खातेय! एकदा माझ्या तोंडाला चवच नव्हती, काही गोड खावंसं वाटत होतं. भाऊजींना कोण कळवळा आला. पंधरा-वीस डबे हलवून हलवून एक निवडला, "हा अननस. शैलासाठी." उघडला तर त्यात खारट ऑलिव्ह. भाऊजींनी पुन्हा तो डबा हलवून पाहिला आणि म्हणाले, "आवाज अननसाचाच आहे." आपली चूक झाली असं काही शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

जानेवारी उजाडला आणि हसणं संपलं. कुवेत सोडायला दिलेली मुदत संपत आली, आणि ती संपली की लढाई. माणसं गाड्या भरभरून रियाधकडे, जेद्दाकडे निघाली. ह्यांच्या कफीलने, म्हणजे मालकाने, चांगुलपणा केला. जेद्दाच्या ऑफिसात बदली, प्रवासाचे कागद, गाडी, सगळं दिलं, आणि वर म्हणाला, भावालाही घेऊन जा, यल्ला, चला, उशीर करू नका. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण भाऊजी ठाम. "तुम्ही दोघं जा. मी एवढा साठा टाकून कसा येऊ?"

मी समजावलं, रागावले, रडले. बाळंतपण तोंडावर, परका मुलुख, घरचं वडीलधारं म्हणावं असं हे एकच माणूस, आणि ते राजम्याच्या डब्यांसाठी बॉम्बच्या तोंडी बसणार! ह्यांनी तर सांगून टाकलं, "दादा येत नसेल तर मीही नाही." ह्यांचं पाऊल निघेना, म्हणजे माझंही निघेना. दोन दिवस असेच गेले. शेवटी मी ठरवलं, साठा आहे म्हणून अडलंय ना? मग साठाच नको.

संक्रांत होतीच. दरवर्षी मी हळदीकुंकू करायचे, कधी कंगवे लुटायचे, कधी स्टीलच्या वाट्या. त्या वर्षी भाऊजी ड्यूटीवर गेल्याबरोबर इमारतीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी बायकांना निरोप धाडला आणि वाण म्हणून भाऊजींचे डबे लुटले. डब्याला हळदीकुंकवाचं बोट, वर तिळाची वडी, आणि एकेकीच्या ओटीत मावतील तेवढे. बायका आधी हसल्या. मग एकेकीचा चेहरा बदलला, कारण दुकानं रिकामी होत चालली होती आणि सगळ्यांनाच काही जाता येत नव्हतं. समोरच्या देशपांडे वहिनींच्या नवऱ्याचा पासपोर्ट कफीलने अडकवून ठेवलेला. त्या डबा हलवून म्हणाल्या, "यात काय आहे गं?" मी म्हटलं, "भाऊजी सांगतील ते सोडून काहीही." संध्याकाळपर्यंत पलंगाखाली फक्त धूळ उरली.

भाऊजी आले. पलंगाखाली वाकून बघितलं, सोफ्यामागे बघितलं, न्हाणीघरात जाऊन आले. मी पदर खोचून तयार होते. म्हटलं, "वाण लुटलं. आता काही नाही राखायला. बॅग भरा."

भाऊजी खुर्चीत बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं केलंस. चार घरांत खायला झालं. माझ्या डोक्यात नव्हतं आलं हे."

"मग निघताय ना?"

"नाही गं."

"आता कशासाठी? आता तर एक डबा नाही घरात!"

ते म्हणाले, "अर्धी शिफ्ट निघून गेलीय, शैला. पॅनेलवर उभं राहायला माणसं नाहीत. इस्पितळं त्याच विजेवर आहेत, पाणी त्याच विजेवर आहे. मी ड्यूटीचं नाव काढलं असतं तर धाकटा हट्टाने थांबला असता, आणि तो थांबला की तूही थांबली असतीस, या अवस्थेत. डब्यांवरून तू नुसती चिडत होतीस. ते बरं होतं, वाटलं चिडून तरी निघाल."

मी हट्टाने म्हटलं, "पण तुमच्या मते वीज जाणारच आहे ना?"

"जाणारच आहे," भाऊजी म्हणाले, "म्हणून तर तिथे कोणीतरी पाहिजे." मग ह्यांना हाक मारून म्हणाले, "हिला आणि पोटातल्याला नीट घेऊन जा. हे माझं सांगणं आहे, विचारणं नाही." थोरल्या भावाचा शब्द ह्यांनी कधी मोडला नव्हता. सकाळी आम्ही निघालो. मी पाया पडले तेव्हा त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते.

युद्ध संपल्यावर भाऊजी जेद्दाला आले, सुखरूप आले, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तासभर हललेही नाहीत. आता ते चिपळूणला असतात, कमी ऐकू येतं, फोनवर माझं अर्धं बोलणं वाया जातं. पण मला त्यांची आठवण येते ती जेद्दातल्या त्या दिवसांसकट. दम्मामकडे क्षेपणास्त्रं पडत होती आणि भाऊजी कधी घरी सापडायचे नाहीत, सदा ड्यूटीवर. मग मी देशपांडे वहिनींना फोन करायचे. भाऊजी कसे आहेत हे त्यांना तरी काय माहीत असणार? मी एवढंच विचारायचे, "वहिनी, दिवे आहेत का हो?" त्या म्हणायच्या, "आहेत गं बाई, लख्ख आहेत." मी फोन ठेवायचे, आणि मग कुठे माझ्या घशाखाली घास उतरायचा.