नोझलकाकूंची साखरफुलं

केकची ऑर्डर द्यायला कुणीही दारात आलं की नोझलकाकू वजन, रंग, नाव काहीही विचारायच्या आधी एकच विचारायच्या, “खायला पायजे का फासायला?” समोरचा गांगरून हसायचा. काकू हसायच्या नाहीत. हल्ली वाढदिवस म्हणजे काय झालंय ते तुम्ही पाहिलंच असेल, आमचं पाटोदा त्याला अपवाद नाही. चौकात गाडीच्या बॉनेटवर ओळीने केक मांडायचे, तलवारीने सपासप कापायचे आणि एकानेही घास न खाता सगळा माल त्या ‘भाऊं’च्या तोंडाला, केसांना, कानांत भरायचा. सकाळी शाळेत जाताना मी त्या राड्यातून साडी वर धरून चालते. अशी पोरं आली की काकू सरळ सांगायच्या, “फासायचंच आसंल तर मुलतानी माती न्या बाबांनो. तिनं कातडी तरी उजळंल.” पोरं “लई माज हाय बे हिला” म्हणत गाडीला किक मारायची. ज्या गावाला अन्नाची ही नासाडी खटकत नाही, त्या गावाने याच बाईवर अन्न बाटवल्याचा ठपका ठेवावा? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

नोझल म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायचा पत्र्याचा लहानसा शंकू. पिशवी दाबली की त्यातून पाकळी निघते, वेल निघते, अक्षरं निघतात. काकूंच्या डाव्या हाताच्या बोटावर असं एखादं नोझल कायम चढवलेलं असायचं. काम अर्धवट टाकून उठल्या की ते काढायचं राहून जायचं. भाजीबाजारात तसंच, देवळात तसंच. गल्लीतल्या एका आजोबांच्या दहाव्याला बायकांत बसून त्या डोळे पुसायला गेल्या आणि गालावर पिवळ्या क्रीमचा फराटा उठला. मी पदर तोंडात कोंबून बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “हासतीस काय गं मॅडम? म्हाताऱ्याला गोड लई आवडायचं.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून काकूंचं दार आमच्या दारासमोर. त्यांचं घराणं आणि माझं सासर एकाच पठडीतलं, शैव, दुकानदारीतलं आणि कडक शाकाहारी. काकू केक शिकल्या त्या पन्नाशीला टेकल्यावर, मोबाइलवर बघून बघून. पण सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय ओव्हनच्या बटणाला हात लावायच्या नाहीत. अंडं तर सोडाच, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून संशय आला तर इसेन्ससुद्धा दुकानदाराला परत करायच्या. त्यांचं सगळं दह्यावर. “आंडं घालून कोनबी फुगवील. दह्यावर फुगवून दाखवा म्हनावं,” असं त्या म्हणायच्या. आणि खरंच, तो केक असा हलका व्हायचा की माझ्या सासूबाई, ज्या कुणाच्या हातचं सहसा चांगलं म्हणत नाहीत, त्या दुसरा तुकडा मागून घ्यायच्या. या सासूबाई पुढे येतीलच.

काकूंचा खरा जीव मात्र साखरेच्या फुलांत. साखरेची कणीक मळायची, कागदासारखी पातळ लाटायची आणि तिच्यातून एकेक पाकळी कापून फूल उभं करायचं. गुलाब करा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. “गुलाब कुनाच्या रानात हाय हितं?” त्या करडईची फुलं करायच्या, खालच्या काट्यांसकट. तुरीची पिवळी फुलं, कापसाचं फुटलेलं बोंड. एका शेतकऱ्याच्या लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी केकवर अख्खं करडईचं वावर उभं केलं, तेव्हा त्या पोरीचा बाप केकला हात लावायच्या आधी काटा टोचतोय का बघत होता. “आपल्याकडं पाऊस न्हाई म्हनून सगळे रडत्यात,” त्या मला म्हणायच्या, “पन फुलं कशी खडखडीत वाळत्यात बघ.”

एकदा गावाबाहेर मेंढरं घेऊन उतरलेला एक मेंढपाळ आला. लेकाचा पहिला वाढदिवस. केक नको, बिस्किटं करा, मेंढराच्या आकाराची. काकूंनी ज्वारीच्या पिठाची बिस्किटं केली, वर पांढऱ्या साखरेची लोकर, काळं तोंड. तो आला, बिस्किट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, “बाई, हा ससा हाय का? आमच्या मेंढराचे कान लोंबत्यात.” दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, न्यायचं तर ने. काकू पायात चप्पल सरकवून त्याच्याबरोबर निघाल्या, मलाही ओढून नेलं. भर उन्हात कळपासमोर उकिडव्या बसून त्यांनी मेंढरांचे कान पाहिले. घरी येऊन सगळी बिस्किटं पुन्हा केली. पहिली खेप आम्ही आठवडाभर चहात बुडवून खाल्ली.

आता त्या ट्रेंबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. पाकळ्या वाळताना खोलगट जागेत ठेवाव्या लागतात, नाहीतर सपाट होतात. काकू आधी आप्पेपात्र वापरायच्या, पण त्यात सातच फुलं मावायची. वाट्या मांडल्या तर कलंडायच्या. मीच शहाणपणा केला. म्हटलं, “काकू, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे असतात ना, एका ट्रेमध्ये तीस खळगे.” काकूंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाल्या, “पुट्ठाच हाय तो. पन मी त्या दुकानात कशी जाऊ गं?” मी म्हटलं, मी आणते. स्टँडजवळच्या अंडीवाल्याला मी सांगायचे, शाळेत मुलांच्या हस्तकलेला हवेत. तो कोरे, न वापरलेले काढून द्यायचा. मी ते पेपरात गुंडाळून, शाळेच्या पिशवीतून, सासूबाईंच्या नजरेसमोरून समोरच्या घरात नेत असे. काकू ते चार दिवस उन्हात तापवायच्या, प्रत्येक खळग्यात बटर पेपर घालायच्या आणि मगच पाकळी ठेवायच्या. ट्रेवर फुलं बहरली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

काकूंना एकच हवं होतं. आतापर्यंत त्यांचं सगळं पोरांच्या वाढदिवसांवर चालायचं आणि लोक त्याला ‘काकूंचा टाइमपास’ म्हणायचे. काकासुद्धा. मोठ्या समारंभात, चार गावच्या पाहुण्यांसमोर, आपला केक कापला जावा आणि लोकांनी विचारावं, हा कुणी केला? एवढीच इच्छा. म्हणून माझ्या नणंदेचा साखरपुडा ठरला, सिरसाळ्याचे पाहुणे, मंगल कार्यालय, तेव्हा मीच सासूबाईंना म्हटलं, केक काकूंना सांगू. तीन मजली केक. काकूंनी महिनाभर आधीपासून फुलं करायला घेतली.

आदल्या दिवशी दुपारी आमच्या चुलतसासूबाई ‘जरा बघून येते’ म्हणून काकूंकडे गेल्या. केक पाहिला, वाहवा केली. आणि पलंगाखाली रचलेली अंड्यांच्या ट्रेची चळत पाहिली. काकूंना त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही! समोर माणूस बसलेलं, तोंडात जीभ असलेलं, विचारायला काय जात होतं? त्या तशाच परत आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात साताठ बायकांना गोळा करून सांगितलं, “डोळ्यांनी पाह्यलं मी. ट्रेवर ट्रे. एवढी आंडी जात्यात कुठं?” मी तिथेच ओटीचे नारळ मोजत होते. कुणी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. म्हटलं, बोलतील आणि विसरतील.

विसरतात कसल्या? दुसऱ्या दिवशी कार्यालयात केक आला. करडई, तूर, शेवंती, तिन्ही मजल्यांवर. फोटोवाल्याने चारी बाजूंनी फोटो काढले. सासूबाई मला म्हणाल्या, “आता आलाच आहे तर फोटोपुरता कापू, खायचा नाही.” फोटोपुरता! नवरा-नवरीने सुरी फिरवली, एकमेकांच्या ओठांजवळ तुकडा नेला आणि परत ताटलीत ठेवला. काकू नवी इरकल नेसून, सुरी घेऊन, भराभरा तुकडे करून ताटल्या भरत होत्या. ताटल्या जात होत्या आणि भरलेल्याच परत येत होत्या. सिरसाळ्याच्या पाहुण्यांपर्यंत कुजबुज पोचली होती. पाचसहा ताटल्या परत आल्यावर काकूंनी विचारलं, “का वो, गोड जास्त झालं का?”

“गोडाचं न्हाई,” चुलतसासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आमच्यात आंडं चालत न्हाई. तुमच्यातबी चालत न्हाई असं वाटलं होतं.”

काकूंना आधी कळलंच नाही. मग त्यांचा हात छातीवर गेला. “आंडं? ह्यात? माज्या गळ्यात लिंग हाय, बाई.”

“मंग पलंगाखाली ट्रेची चळत कावून हाय?”

“फुलं वाळवायला.”

“आन् ते आनून कोन देतं तुमाला?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांत पाण्याचा जग घेऊन उभी होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मी आणून देते. मी, जी वर्गात चाळीस पोरांना खरं बोला म्हणून दरडावते. माझ्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या, पाहुणे आले, शाळेच्या नावावर सांगितलेलं खोटं आलं, आणि माझी दातखीळ बसली. काकूंनी वाट पाहिली. मग माझ्यावरची नजर काढून घेतली आणि म्हणाल्या, “मीच आनते.”

“बघा!” चुलतसासूबाई म्हणाल्या. “आंड्याच्या दुकानात जाती म्हनून सोताच्या तोंडानं सांगितलं.”

त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या. मला सासरी सुखानं राहता यावं म्हणून ती बाई खोटं बोलली आणि त्या एका खोट्यावर गावाने त्यांना कायमचं गुन्हेगार ठरवलं. नणंदेच्या मैत्रिणींनी केकवरची फुलं उपटून घेतली, फोटोसाठी केसांत माळली. फुलांना बाट नाही, केकला बाट! उरलेला केक पातेल्यात कालवून कार्यालयामागच्या म्हशीपुढे ठेवला. तिने मात्र चाटून पुसून खाल्ला, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काकूंकडे एक ऑर्डर आली नाही. सोमवारी महादेवाच्या देवळात त्या पायरीवर बसल्या की बायका पदर सावरून पलीकडे सरकायच्या. आणि याच बायका बीडला कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला गेल्या की स्टँडवर उतरून कुठल्याही बेकरीत पेस्ट्री मागवतात, चमचा चाटून खातात. तिथे विचारतात का कधी, बाबा, यात काय काय घातलंस? माझ्या सासूबाईंनी माझ्यासमोर खाल्ली आहे. अनोळखी माणसाच्या हातचं चालतं, मग समोरच्या दारातल्या बाईवरच एवढी नजर कशाला? मी हे तावातावाने लिहितेय खरी, पण तेव्हा मीही रोज त्यांच्या दारावरून मान खाली घालून शाळेत जात होते. मला आधी माझाच राग यायला हवा, आणि येतो.

दोनेक महिन्यांनी कळलं, काकू-काका बीडला लेकीकडे राहायला चाललेत. मी गेले. काकू भांडी बांधत होत्या. मी दारातच रडायला लागले. म्हटलं, “काकू, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. ट्रे मी आणत होते.”

काकूंनी बोचक्याची गाठ आवळली. रागावल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. “हे मला कावून सांगतीस गं?” त्या म्हणाल्या. “मला ठाऊकच हाय. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांग की.”

सकाळच्या एसटीने त्या गेल्या. मला धाडस यायला ती गाडी गावाबाहेर पडावी लागली. दुपारी आमच्या बैठकीत सासूबाई, चुलतसासूबाई आणि आणखी दोघी चहा घेत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ट्रेची कल्पना माझी, आणायची मी, हस्तकलेची थाप माझी, काकूंनी अंड्याला कधी बोट लावलं नाही, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील, मला माहेरी धाडतील. मला ते चाललं असतं.

चुलतसासूबाईंनी बशीतला चहा संपवला. “मंग तवाच सांगायचं ना गं,” त्या म्हणाल्या. “आमी खाल्ला असता की केक.”

आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला, अजून घोटभर दे म्हणून. मी दिला.