जुळलेल्या बैलाचे चार दात

आमचे बंकटमामा सिरसाळ्याच्या बैलबाजारातले दलाल. बैलाचा खालचा ओठ ओढायचे, दात पाहायचे आणि वय सांगायचे. त्यांनी एकदा पाहिलं की बैलाचं तोंड पुन्हा उघडायची कुणाला गरज वाटत नसे. चाळीस वर्षांची अब्रू त्या एका नजरेवर उभी होती.

गेल्या वर्षी मात्र जुना दोस्त, घाटनांदूरचे आप्पाराव, यांना त्यांनी जुळलेला, म्हणजे आठही दात आलेला बैल, ऐन तरुण चारदाती म्हणून घेऊन दिला. पुढच्या बाजारी आप्पाराव बैल परत घेऊन आले. सगळा बाजार हसला. मामा घरी येऊन जेवले नाहीत. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण बारा वर्षांची शुगर असलेला हा माणूस सकाळी कारल्याचा रस प्यायचा आणि दुपारी त्याची भरपाई म्हणून दोन पेढे खायचा.

आधी त्यांनी बाजारातच दोन चष्मे घेतले. धूसर ते धूसरच. शेवटी बायनामामींनी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आतला पडदा पाहिला. शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरून सूज आली होती; तिथे चष्मा काय करणार? महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन, लागलं तर लेसर, आणि शुगर-बीपी ताब्यात, असं ठरलं. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही, पण उरलेली वाचेल, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

बैलांना वेसण घालणारे मामा सुईचं नाव ऐकूनच घामाघूम झाले. डोळा आधी थेंबांनी बधिर करतात हे कळलं, तरी पहिल्या वेळी त्यांनी मामींचा हात सोडला नाही. पाच इंजेक्शनं झाली. पेढेही सुटले.

परवा आप्पाराव एक नवा बैल घेऊन मुद्दाम मामांपुढे उभे राहिले. बाजार गोळा झाला. मामांनी खालचा ओठ ओढला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सहा दात." या वेळी दोघातिघांनी वाकून पुन्हा पाहिलं. सहाच होते. मला रडूच आलं.

मग मामांनी आप्पारावांना विचारलं, शुगर तर तुलाही आहे, डोळे कधी दाखवलेस?

"मी कावून दाखवू? मला समदं दिसतंय," आप्पाराव म्हणाले.

"मलाबी दिसतच व्हतं बे," मामा म्हणाले. "तुझ्या जुळलेल्या बैलाला चार दात मलाच दिसलते."