थोडक्यात गेला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर नाहीच, कारण गोष्ट तिच्या भावाची आहे. टाळण्यात वर्षं गेली. आणि ती सोपी गेली, हेही कबूल करतो.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. उल्हासनगरच्या एका दुकानात मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचो. नव्वदच्या आसपास आमच्या सिंधी शेठने अर्ध्या दुकानात व्हिडिओ गेमची चार मशीनं मांडली. आतले बोर्ड तिथल्याच बाजारातले, नक्कल केलेले. ते चालू ठेवणं माझं काम.

बोर्डावर आठ बारीक स्विच असायचे. खेळ सोपा की अवघड, ते त्यांच्यावर ठरायचं. मी महिनाभर नुसती माणसं बघितली. फार अवघड केला की लोक शिवी हासडून जात. सोपा केला की जिंकून जात — आणि परत फिरकत नसत. पण जिंकता जिंकता हरलेला माणूस? तो मशीनसमोरून हलतच नाही. आपण हरलो असं त्याला वाटतच नाही. जिंकायचं तेवढं राहून गेलंय, असं वाटतं. मी स्विच बरोबर तिथे आणून ठेवले. शेठ म्हणाला, "साईं, क्या सेटिंग किया है!" खरं सांगू? इतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला नव्हता.

मिलिंद, माझा मेहुणा, आमच्याकडेच राहायचा. चोवीस वर्षांचा. शहाडकडच्या एका कारखान्यात तात्पुरता होता, कायम व्हायच्या बेतात. दुपारपाळीला जाताना माझा डबा घेऊन यायचा आणि विमानाच्या खेळाला उभा राहायचा. त्यात शेवटी एक मोठं जहाज फोडायचं असे. ते फुटायला आलं की याचं विमान पडे. तो माझ्याकडे बघे. मी म्हणे, "थोडक्यात गेला रे."

तीन शब्द. तेवढ्यावर तो पुन्हा खेळे, आणि पाळी चुके.

ही एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही सांगा ना त्याला. तुमचंच ऐकतो तो." सांगतो म्हणालो. त्याच आठवड्यात मिलिंदने ते जहाज जवळजवळ फोडलं. आणखी एक-दोन डाव, आणि तो सुटला असता — जिंकून, हसत, कामावर गेला असता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, मशीनचं झाकण काढलं आणि मी आणखी एक स्विच सरकवला.

का? शेठने सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या सेटिंगला कुणी हरवावं, हे मला सोसत नव्हतं. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

त्या महिन्यात त्याला कामावरून काढलं. गावाहून सासरे आले. "डबडं बडवायला पोसला व्हय रं तुला? दाजींच्या दुकानात जाऊन दाजींचंबी नाव घालवलंस!" मिलिंद भिंतीशी, खाली मान घालून. मी सासऱ्यांकडे बघितलं. आणि मान डोलावली.

कायमची नोकरी त्याला पुढे कधीच लागली नाही. वांगणीला एका फार्महाऊसवर राखणदार म्हणून राहिला, शेवटपर्यंत. तो जाण्याआधी एकदा मी तिकडे गेलो होतो, सांगायचंच ठरवून. वाक्य तयार होतं — मिलिंद, मशीन मी फिरवलं होतं, मला माफ कर. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. मी तोंड उघडणार, तर तोच म्हणाला, "दाजी, एक राहिलंय बघा. माझ्यापायी तुम्हाला चार लोकांत खाली बघावं लागलं. तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. माफ करा मला."

आणि मी — मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. केलं माफ."