कुसुमावतीबाईंची फांदी

कुसुमावतीबाईंच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीला पडदा नाही, लुगडं आहे. हिरवं, जरीकाठाचं, उमरेडला त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या मागावर विणलेलं. त्या लुगड्याला ऐन पदरात बाईंनी कात्रीनं वाटीएवढं भोक पाडलं, तेव्हा शेजारच्या सिंधूताईंच्या हातातला चहा हिंदकळला.

"अवं, बापाच्या हातचं लुगडं कापलंस?"

"मंग कपाटात ठेवून वाळवीले नेसवू का?"

त्या भोकातून आता कॅमेऱ्याचं नाक बाहेर असतं. सावनेरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं धंदा बदलला तेव्हा बाईंनी त्याचा कॅमेरा विकत घेतला. यजमान कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. आता बाई भजनी मंडळात येतील म्हणून लेआऊटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बायकांनी त्यांच्यासाठी टाळसुद्धा राखून ठेवले होते. बाई आल्या नाहीत. त्या खिडकीत बसल्या. सकाळी सहा ते नऊ, हालचाल नाही, खोकला नाही. लहानपणी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तासन्‌तास बसायची सवय. तुटलेला धागा सापडेस्तोवर श्वाससुद्धा बेतानं घ्यायची माणसं ती.

घराच्या कोपऱ्याशी कडुनिंब. त्याची एक फांदी खिडकीसमोरून कंपाउंडच्या भिंतीवरून बाहेरच्या गल्लीत झुकलेली, आणि त्याच फांदीला दाण्याचा डबा टांगलेला. डब्याच्या तोंडाशी बसायला काडी नव्हती, मागाची कांडी होती. तीच, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. बाईंनी ती तारेत ओवली आणि आत तारेभोवती सुताचे अकरा वेढे घट्ट दिले. इवलीशी मुनिया बसली तर कांडी जागची हलत नाही. कबुतर बसलं की गर्रकन फिरते, आणि कबुतर पोटावर आपटल्यासारखं तोंड करून उडून जातं. दहा वेढ्यांवर साळुंकी पडत होती, बारावर कबुतर टिकत होतं. हा हिशेब बसवायला बाईंना पावसाळा गेला.

एवढं असूनही एप्रिलच्या पहिल्या रविवारी लेआऊट समितीचे सचिव, गल्लीपलीकडचे देवाजी दारात उभे राहिले. देवाजींबद्दल काय सांगावं? निवृत्तीनंतर माणसं गुडघे धरून बसतात, यांनी लेआऊट धरलं. सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना, आठला त्याच सूचनेची आठवण.

"वैनी, कबुतरांनी माझी गच्ची पांढरी करून टाकली. सोलरच्या पाट्या धुऊन धुऊन हात गेले. सारं तुमच्या डब्यापायी."

"माह्या डब्याले कबुतर लागत नाही, भाऊ."

"मंग का माह्या गच्चीवर हंस येऊन राहिले? ते काही नाही. फांदी गल्लीत आहे, गल्ली समितीची आहे. पुढच्या रविवारी नऊ वाजता कोयतावाला येते."

फांदी गेली की डबा टांगायला दुसरी जागा नव्हती. बाकीचं झाड खिडकीतून दिसतच नाही, घराचा कोपरा आड येतो. म्हणजे फांदीबरोबर खिडकी गेली, सकाळ गेली, कुसुमावतीबाईंनी चार वर्षांत नव्यानं मांडलेला सगळा संसार गेला. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, जाऊ दे ना, कशाला वाद?" बाई म्हणाल्या, "तू जेवलास का?" आणि फोन ठेवला.

सोमवारपासून त्यांनी फोटोंचा सपाटा लावला. कांडीवरून घसरणारं कबुतर हवं होतं, पुराव्याला. बुधवारी ते मिळालं, पंख वाकडे, डोळे गरगरलेले. सिंधूताई हसून हसून भिंतीला टेकल्या. पण बाईंची नजर फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथंच अडकली. जमिनीवर तीन करड्या शेपट्या. मुनिया खाते एक आणि सांडते चार. वरून सांडलेली बाजरी कबुतरं खाली आरामात टिपत होती. बाईंची खिडकी उंच. इतके दिवस त्यांनी वरचंच पाहिलं होतं.

"मिटव तो फोटो," सिंधूताई म्हणाल्या. "कोणाले कळते?"

"मले कळते ना वं."

मग माळ्यावरून एक खोल घमेलं निघालं, सुताची गुंडी निघाली. घमेल्याच्या तोंडावर बाईंनी मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावावा तसं सूत लावलं, धाग्याशेजारी धागा, मध्ये बाजरीचा दाणा जाईल एवढीच फट. गुरुवार पूर्ण त्यात गेला, जेवण उभ्यानं. शुक्रवारी सकाळी घमेलं डब्याखाली. दाणा सांडला की फटीतून तळाला, चोचीच्या आवाक्याबाहेर. कबुतरं आली, धाग्यांवर उभी राहायला गेली, पाय खचले, पुन्हा आली, पुन्हा खचले. आणि कंटाळून उडाली. कुठं उडाली? बाईंनी कॅमेऱ्याचं नाक त्यांच्यामागं वळवलं, आणि लुगड्याआड पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या.

रविवारी नऊला देवाजी, समितीची चार माणसं आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला कोयतावाला हजर. सिंधूताई तर साडेआठपासूनच हजर होत्या; असा प्रसंग त्या वाया घालवत नाहीत.

बाईंनी आधी बुधवारचा फोटो दाखवला. शेपट्यांसकट.

"हे माही चूक. खाली दाणा सांडत होता. तुम्ही खरं बोलले."

देवाजींची छाती चार बोटं फुगली. "मी तर पहिलेच सांगत होतो! चाल रे, चढ."

"थांबा. चूक मी मोडली. आता घटकाभर माह्या खिडकीत बसा, अन्‌ मंग फांदीले हात लावा. कोणी खोकलू नका."

सात माणसं त्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं लुगड्यामागं उभी. कोयतावाला कुजबुजला, "कापाची का नाही ते सांगा बापा, मले मानकापूरले जायचं आहे." तेवढ्यात एक जाडजूड कबुतर आलं. कांडीवर बसलं, गर्रकन फिरलं, घमेल्यावर आदळलं, धाग्यांत पाय नाचवले आणि फडफडत उडालं.

"आता ते कुठं जाते ते पाहा," म्हणत बाईंनी कॅमेरा वळवला आणि देवाजींचा डोळा भिंगाला लावला.

देवाजींना स्वतःची गच्ची दिसली. गच्चीभर वर्षाचे गहू वाळत घातलेले. पाखरं भ्यावीत म्हणून काठीला अडकवलेला त्यांचाच जुना चौकडीचा शर्ट. शर्टाच्या कॉलरवर एक कबुतर, खांद्यावर दुसरं, आणि गव्हात पंगत बसलेली.

"ते... ते तर वाळवण आहे," देवाजी म्हणाले.

"वाळवण आहे तर राखणीले बसा! तुमच्या गव्हाचा राग माह्या फांदीवर काहून काढून राहिले?"

कोयतावाल्यानं कोयता पिशवीत घातला. त्याला आधी कळलं.

समितीतली माणसं हसू दाबून चपला शोधायला लागली. देवाजींना मात्र काहीतरी जिंकून जाणं भाग होतं. "ठीक आहे, वैनी. मंग नियमानं एक अर्ज भरा. समिती मंजुरी देऊन टाकते." खिशातून छापील कागद निघालासुद्धा, तो माणूस कागदाशिवाय झोपतही नसावा.

"मंजुरी कायची गा, देवाजीभाऊ? झाड माहं, दाणा माहा, कांडी माह्या बापाची. पाखरं तुमच्या समितीचे सभासद आहेत का? अर्ज देणार नाही. फांदी कापाची असन तर मी इथं बसून आहे, या."

कागद तिथंच ओट्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी तो समितीच्या फलकावर लागला, उलट्या बाजूनं. त्यावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "आज आलेले: मुनिया चौदा, चिमण्या नऊ, बुलबुल दोन, खार एक. कबुतर एकही नाही. गच्चीवरचे सचिवांना विचारावे." खाली शर्टाचा फोटो, चांगला मोठा करून.

देवाजींनी तो काढला. मंगळवारी नवा लागला. बाईंच्या दारावरच्या टपालपेटीत देवाजी अजून कोरे अर्ज टाकतात, आणि बाईंना कागद विकत घ्यावा लागत नाही.