किल्लीआक्कांची गल्ली

किल्लीआक्का दिसायच्या आधी ऐकू यायच्या. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की चालताना लुगडं एका बाजूला ओढलं जायचं. त्या खळखळाटावरून आक्का गल्लीत कुठे आहेत ते घरात बसून कळायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेळगावच्या बाजारपेठेमागची ती गल्ली निम्मीअधिक कुलूपबंद होती. ज्यांना जमलं ते शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत बंगले बांधून गेले. मागे राहिली कौलारू माडीची घरं, तुंबलेली गटारं आणि आक्का. जाताना जो तो आपली किल्ली त्यांच्याकडे देऊन गेला होता, "जरा लक्ष असू द्या" म्हणून.

लक्ष असू द्या म्हणजे बाहेरून कुलूप बघायचं, असं मालकांना वाटत असणार. आक्का ती घरं पाळीपाळीने उघडायच्या, झाडायच्या, खिडक्या सताड सोडून तासभर जोत्यावर बसायच्या. आत शिरताना घराशी बोलायच्या देखील. "काय रं, आलो बघ. उंदरानं लई तरास दिला व्हय?" आमच्या भागातल्या सगळ्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'आलो, गेलतो' असंच बोलायच्या. स्वतः राहत होत्या ते घर गल्लीच्या मधोमध. नवरा कापडाच्या दुकानात होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्या त्या घरात त्या एकट्याच राहिल्या होत्या.

मी खानापूर भागातली. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबले आणि त्यांनी मला शिकवलं. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आम्ही दोघं खोली शोधत महिनाभर बेळगाव पालथं घालत होतो. खोली रिकामी असायची, भाडं ठरायचं, मग आडनाव विचारलं जायचं. आम्ही बौद्ध. मग घरमालकाच्या भावाचं कुटुंब त्याच दिवशी राहायला येणार असायचं. कुणीतरी आक्कांचं नाव सुचवलं म्हणून आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो. त्यांनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही चपला घालायला वाकलो तेवढ्यात किल्ल्या वाजल्या.

"बाई, चूल कुठं मांडणार ते तरी बगून घ्या," त्या म्हणाल्या आणि समोरचं घर उघडून दिलं.

मालकांना त्यांनी हे आठवड्याने सांगितलं. ते स्कूटरवरून तणतणत आले. मी आत उभी राहून सगळं ऐकत होते. "विचारायचं तरी!" ते म्हणाले. आक्कांनी जुडग्यातून त्यांची किल्ली काढून पुढे धरली. "घ्या ही. आनि दर आठवड्याला येऊन तुमीच झाडा." मालकांनी किल्ली घेतली नाही, स्कूटर वळवून गेले. पुढची बारा-तेरा वर्षं आम्ही त्या घरात काढली.

पण आक्कांचं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. घर त्यांनी दिलं, पण आमच्या घरचं पाणी त्या पीत नसत. चहा पुढे केला की "आत्ताच घेतलो बगा" म्हणायच्या, आणि उंबऱ्याच्या आत कधी टेकायच्या नाहीत. मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं की मला कळतंय. दोन पावसाळे असेच गेले. मग एकदा त्या तापाने अंथरुणाला खिळल्या. मी डॉक्टरला घेऊन आले, दिवसभर उशाशी बसले. संध्याकाळी डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "तुझ्या चुलीवरचा चा आण गं थोडा." बाई म्हणायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. त्या विषयावर आम्ही दोघी कधी एक शब्दही बोललो नाही.

गल्ली पुन्हा भरली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. बाजारात भाजी घेताना, देवळात, दवाखान्यात, कुणी खोली शोधतंय असं कानावर आलं की त्या त्याचा हात धरून घेऊन यायच्या. निपाणीहून आलेला एक शिंपी त्यांनी असाच धरून आणला. सरकारी दवाखान्यातली एक नर्स आणली. शहापूरचा माग बंद पडलेलं एक विणकर कुटुंब आणलं. त्यातली सून दारात वडे तळायला लागली आणि गल्लीला पुन्हा वास यायला लागला. कुणी घर बघून नाक मुरडलं की आक्का म्हणायच्या, "घर काय वाईट नसतंय. माणूस गेला की वाईट दिसतंय."

दिव्यांच्या खांबांसाठी तर त्या दोन वर्षं नगरपालिकेत खेटे घालत होत्या. तिथले साहेब कानडीत "नाळे बा" म्हणायचे, म्हणजे उद्या ये. आक्का उद्या जायच्या. शेवटी एकदाचे खांब उभे राहिले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा सगळी गल्ली दारात आली होती. मी विचारलं, "आक्का, कसं काय जमवलंत?" तर म्हणाल्या, "मराठीत रडलो, कानडीत भांडलो, तवा उजेड पडला." त्यांना तसं मोकळं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. ती त्यातली एक.

उजेडामागून बाकीचं आलं. गटारं बांधली, फरशी घातली. गल्लीच्या तोंडाशी दुकानांची तीन मजली इमारत उठली. गोव्याची माणसं गाड्या करून लग्नाचं कापड घ्यायला येऊ लागली. शिंप्याकडे रांग लागायची. आक्का जोत्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायच्या आणि मला हाक मारायच्या, "बघ, आली न्हवं माणसं?"

त्या माणसांमागून मालकही आले. बंगल्यात गेलेल्या, दसऱ्याला सोनं द्यायलाही न फिरकणाऱ्या मालकांना आपली घरं आठवली. एकेक जण पेढे घेऊन यायचा, "आक्का, तुमच्यामुळे घर राहिलं" म्हणायचा आणि किल्ली घेऊन जायचा. पहिल्या मालकाचं त्यांना खूप कौतुक वाटलं, आता हे राहायला येणार म्हणून त्यांनी स्वतः अंगण सारवून ठेवलं. पंधरवड्यात तिथे घण पडायला लागले. विणकराच्या सुनेची वड्यांची कढई उचलली गेली, नर्स कुठेतरी लांब राहायला गेली. शिंपी परत निपाणीला गेला. जाताना आक्कांच्या पाया पडला आणि रडला. ज्यांना हाताला धरून आणलं, त्यांना वेशीपर्यंत पोचवायलाही आक्काच गेल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "मी गल्ली चांगली केलो आनि माणसं घालवलो." मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते त्यांच्या कानात शिरलं नाही.

शेवटी त्यांच्या दिराचा मुलगा हुबळीहून आला. अदबशीर माणूस. काकूंच्या पायावर डोकं ठेवलं, तब्येत विचारली, जेवला आणि सुपारी कातरताना म्हणाला की घर लॉजवाल्याला दिलंय, काकूंनी दिवाळीपर्यंत सावकाश आवरावं. कागदोपत्री घर त्याच्या वडिलांचं होतं. माझे यजमान कोर्टात कारकून होते. ते म्हणाले, "आक्का, भांडता येईल, मी वकील बघतो." आक्कांनी नको म्हणून मान हलवली.

"घर माझं कवा हुतं? इतकी वरसं मला बी कळलं न्हाय. तेची पण मी किल्लीच सांभाळायलोतो."

आम्हालाही घर सोडायचं होतंच. शहराच्या कडेला, अनगोळला आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या. मी आक्कांना म्हटलं, "एक खोली तुमची. चला." त्या म्हणाल्या, "हितं तू माझ्याकडं आलीस. तिकडं मी तुझी कोण म्हणून येऊ गं?" मी म्हटलं, "आई म्हणून या." त्यांचे डोळे भरले, पण त्या हो म्हणाल्या नाहीत. संकोच होता, की चहाच्या वेळी सुटली असं मला वाटलं होतं ती जुनी गाठ पुरती सुटलीच नव्हती, ते मला अजून सांगता येत नाही. त्या जांबोटीकडच्या एका खेड्यात भावाकडे गेल्या. एक ट्रंक, एक वळकटी. एस.टी.त बसताना कमरेशी काहीच वाजलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी त्यांना भेटून आले. दिवसाला एक-दोन बस, उतरल्यावर चिखलातून तासाची वाट. गोठ्याशेजारच्या खोलीत आक्का बसल्या होत्या. भाऊ-भावजय वाईट नव्हती, वेळेवर जेवायला देत होती. पण भाताच्या लावणीत घर दिवसभर रिकामं असायचं, आणि बाहेर नुसता पाऊस. मी निघताना त्या माझा हात सोडेनात. "चालत्या माणसाचा आवाज न्हाय गं हितं," एवढंच म्हणाल्या.

दिवाळीनंतर आक्कांसाठी लुगडं घेऊन पुन्हा गेले तेव्हा त्या नव्हत्या. श्रावणातच गेल्या होत्या. कळवायचं तर माझा पत्ता भावाकडे नव्हता. भावजयीने मला बसायला पोतं अंथरलं आणि हळूच विचारलं, "शेवटी शेवटी घराकडं सोडा, घराकडं सोडा, एवढंच म्हनत हुती. आमी म्हटलं, हेच की तुझं घर, हितंच जल्मलीस. तर मान हलवायची. कुठलं घर वो बाई? तुमाला ठावं हाय?"

मी गल्लीचं नाव सांगितलं.

"ते तर पाडलं न्हवं?" दारातून भाऊ म्हणाला.

"होय," मी म्हटलं.

"आता हे कुनाला?" म्हणत भावजयीने मी पुढे ठेवलेलं लुगडं परत माझ्या हातात दिलं. बसची वेळ होत आली होती. मी उठले.