सकाळची हाळी: ‘कसाऽ!’

आई गेल्यावर बाबांना मी कऱ्हाडहून बंगळूरला, मारतहळ्ळीच्या आमच्या घरी आणलं ते जवळजवळ ओढूनच. कऱ्हाडला एकटे असताना ते न्हाणीत घसरून पडले होते आणि दुपारी शेजारीण डबा द्यायला आली तेव्हा कुठे कुणाला कळलं. “महिनाभर बघतो. नाही करमलं तर माझा मी जाईन,” त्यांनी बजावलं. कपडे कपाटात लावलेच नाहीत. बॅग पलंगाखाली ढकलली आणि तिच्यातूनच रोज एक शर्ट काढायचे. मी त्या बॅगेचीच धास्ती घेतली होती.

दिवसभर ते गप्प. मी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये, ते खिडकीशी. काही विचारलं तर नुसतं ‘हं’. पाचव्या-सहाव्या दिवशी चहा पिताना मात्र आपण होऊन बोलले, “ती बाई रोज माझी चौकशी करते.”

“कोण बाई?”

“कचऱ्याच्या गाडीवरची. गेटातून वर बघून विचारते, ‘कसा?’ एकेरीवर येते, पण आपुलकीनं.”

कन्नडमध्ये ‘कस’ म्हणजे कचरा. ती हाळी घालते, “कसाऽ!” म्हणजे कचरा आणा. हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. दुसऱ्याची चूक दिसली की मला दम धरवत नाही, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. पण त्या सकाळी मी जीभ आवरली आणि म्हटलं, “मग उत्तर द्या की तिला.”

दुसऱ्या दिवशी बाबा ओल्या कचऱ्याची बादली घेऊन दोन जिने उतरले. “बरा आहे,” असं त्यांनी सांगितलेलं मी वरून ऐकलं. तिनं बादलीत डोकावून ती तशीच परत दिली. आत दुधाची पिशवी होती. “अज्जा, हसि बेरे, ओण बेरे,” ती म्हणाली. ओला वेगळा, सुका वेगळा.

एसटीत कंट्रोलर म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? त्या दिवसापासून कचऱ्याचं खातं बाबांकडे गेलं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यांनी लटकू लागल्या. ओल्या कचऱ्यात टी-बॅगची पिन सापडली तेव्हा त्यांनी मला उभं करून झापलं, आणि मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. खरं तर मला त्याचाही आनंदच झाला होता. आणि रोज सकाळी गेटावर त्यांचं “बरा आहे” ठरलेलं.

भीती एकच होती. खरं कळलं तर बाबा ओशाळतील आणि बॅग उचलतील.

महिना भरायला दोन दिवस उरले होते. मीही खाली गेले होते. तळमजल्यावरच्या काकू, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी, हसत म्हणाल्या, “अण्णा, तिला रोज काय बरा आहे सांगताय? कस म्हंजे कचरा की हो.”

मी काकूंना डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले आणि रिकामी बादली घेऊन जिना चढू लागले.

वर आल्यावर मी विचारलं, “कधीपासून ठाऊक आहे?”

“पहिल्याच दिवशी कळलं. बादली परत आली तेव्हा. ‘कसा’ माझ्यासाठी नव्हतं, बादलीसाठी होतं.”

“मग रोज तिला ‘बरा आहे’ का सांगत होता?”

“म्हणून बघत होतो. मोठ्यानं म्हटलं की खरं आहे का खोटं, ते आपलं आपल्याला ऐकू येतं. आधी खोटंच होतं.” बादली उपडी घालत म्हणाले, “या आठवड्यात तेवढं खोटं वाटत नाही.”

बाबांनी पलंगाखालची बॅग ओढली आणि सगळे शर्ट काढून कपाटात लावले. तळाशी प्लास्टिकची एक पिशवी उरली होती. ती झटकून त्यांनी नीट घडी घातली.

“ही ओणच ना?” त्यांनी विचारलं.