रखवालदाराची मध्यरात्र

सुईमावशीने एकदा ‘जंतू नाही’ असा शेरा मारला, की डॉक्टरसुद्धा पुन्हा विचारायला जात नसत. तीस वर्षं ती दवाखान्यात रक्त तपासत होती. तिचं खरं नाव तिथल्या पगारपत्रकालाच काय ते ठाऊक!

हत्तीरोगासाठी रक्त ती रात्रीच काढी. या रोगाच्या जंतूंची बारीक पिल्लं दिवसा फुप्फुसांत दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. डासाच्या पोटात शिरल्याशिवाय त्यांचा वंश पुढे सरकत नाही ना! “मेले पक्के नट आहेत,” मावशी म्हणायची, “पडदा उघडल्याशिवाय विंगेतून डोकं बाहेर काढायचे नाहीत.”

या खेपेला रक्त होतं तिच्या पाठच्या भावाचं.

तो गोदामावर रात्रीचा रखवालदार. तीन महिने ताप यायचा-जायचा आणि जांघेत लिंबाएवढी गाठ. मावशीने तीन रात्री गोदामाच्या फाटकावर जाऊन त्याचं बोट टोचलं. तो कुरकुरायचा, “डासांनी ठेवलं तेवढं तू ने, ताई!” तिन्ही वेळा काचपट्टी स्वच्छ निघाली. तिचा शेरा वाचून सर्जन म्हणाले, “मग गाठ काढावीच लागेल. वाईटातली असू शकते.”

आज दुपारी चार वाजता त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार होते. दोन वाजता मावशी त्याला न्यायला गेली. भावजयीने दार किलकिलं केलं.

“हळू, वन्सं. आमच्याकडे मध्यरात्र चाललीय.”

खोलीत काळोख. खिडकीवर जाड घोंगडी ठोकलेली आणि भाऊ करवत चालवल्यासारखा घोरत होता. मावशी उंबऱ्यातच थबकली.

“किती वर्षं झोपतोय हा असा?”

“सहा. सुट्टीलासुद्धा दिवसाच झोपतात. का हो?”

मावशीने त्या तीन रात्री आठवून पाहिल्या. मध्यरात्री तिने बोट टोचलं तेव्हा हा फाटकावर टक्क जागा होता! जंतूंच्या मनगटावर काही घड्याळ नसतं. ज्याच्या अंगात राहायचं, त्याच्या झोपेवर त्यांची वेळ ठरते. नाटक दुपारचं होतं आणि ही बाई रात्री येऊन रिकामं थिएटर बघून गेली होती.

तिने पिशवीतून सुई काढली.

“आता काय, ताई?” तो झोपेतच पुटपुटला.

“डोळे उघडलेस तर थोबाडीत देईन. झोप!”

काचेवर थेंब घेऊन ती दोन गल्ल्या जवळजवळ पळतच दवाखान्यात आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नुसत्या लाल पेशी. काच सरकवली. काही नाही. आणखी सरकवली. भिंतीवर साडेतीन. चुकलं की काय आपलं? तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेशी गर्दीत धक्का बसावा तशा हलल्या आणि मधून एक पारदर्शक नागमोडी धागा वळवळत आला. मागून दुसरा.

सर्जन हात धुवायला निघाले होते.

“मावशी, नाही म्हणून तुम्हीच लिहिलंत ना?”

“मीच. चुकले. तो रात्रपाळीला जातो, तर जंतूंनीही पाळी बदललीय. एकदा बघा.”

सर्जन वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

“गोळ्या सुरू करू,” ते सरळ होत म्हणाले. “गाठ बसते का बघू. सुरी कुठे पळून जात नाही.”

मावशीने आपल्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली. तीस वर्षांतली पहिली. शेजारी लिहिलं, ‘रोगी झोपतो केव्हा, ते आधी विचारावे.’

पाचला भाऊ दचकून उठला. उशाशी ताई बसलेली.

“अगं, चार वाजून गेले! उठवलं का नाहीस?”

“कापणं तूर्त रद्द.”

त्याने जांघ चाचपली, तिच्याकडे बघितलं, परत चाचपली. मग बायकोकडे वळून ओरडला, “सकाळपासून उपाशी ठेवलंय मला! वाढतेस का आता?”